खाकी मोज्यांचे तीन जोड
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण आम्हांला मिळाले, तेव्हा विषय निवडण्याचे स्वातंत्र्यही मंडळाने दिले. या व्यासपीठावर आजवर संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर, शिवकालावर व्याख्याने झाली. त्या परंपरेत आम्ही ‘एक इंग्रज फुटबॉल-शिक्षक’ हा विषय कळविला, तेव्हा कार्यवाहांनी आमचे पत्र दोनदा वाचले म्हणतात. तथापि त्यांनी मोडता घातला नाही, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. शिवाय कोलकात्यात राहणाऱ्या माणसाने फुटबॉलवर बोलावे, यात नवल ते काय? १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, ती याच शहरात. आणि आपली मुले घरात मराठीतून व मैदानावर बंगालीतून भांडतात, तीही याच शहरात.

परंतु केवळ खेळाच्या आवडीने हा विषय आम्ही घेतलेला नाही. पोटासाठी वा विद्येसाठी माणूस आपला मुलूख सोडतो, दुसऱ्या मुलखात जातो, आणि आपल्याजवळचे जे उत्तम असेल ते तेथील मुलांच्या ओंजळीत घालतो. असे करणाऱ्याने आपल्या माणसांशी प्रतारणा केली काय, हा प्रश्न पन्नास वर्षे या मंडळाच्या आसपास कोठे ना कोठे घुटमळत आला आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्हांला जिमी हॉगन या माणसाचे चरित्र फार उपयोगी पडले. म्हणून आज ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

जिमी हॉगन यांचा जन्म १६ ऑक्टोबर १८८२ रोजी इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात, नेल्सन या गावी झाला. कापडगिरण्यांचा हा मुलूख. घराणे मूळचे आयरिश, कॅथलिक आणि धर्मनिष्ठ. वडील गिरणीत काम करीत. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी त्यांची फार इच्छा होती आणि त्यासाठी त्यांनी त्याला मँचेस्टरच्या सेंट बीड्स महाविद्यालयात वसतिगृहात ठेवूनही शिकविले. मुलगा शिकला, श्रद्धावानही राहिला. पण उपदेश करण्यासाठी त्याने प्रार्थनामंदिराऐवजी मैदान निवडले. दारू आणि तंबाखू यांपासून तो आयुष्यभर दूर राहिला, ही त्या शिक्षणाची शिल्लक म्हणावयाची.

खेळाडू म्हणून हॉगन थोर होते असे म्हणता येणार नाही. बर्नली, फुलहॅम, बोल्टन वाँडरर्स अशा संघांतून ते आघाडीच्या फळीत खेळले. फुलहॅमकडून खेळत असताना १९०८ साली त्यांचा संघ एफ.ए. कपच्या उपांत्य सामन्यापर्यंत पोहोचला. एवढीच त्यांची मिळकत. इंग्लंडात त्या काळी असे शेकडो खेळाडू होते. हॉगन त्यांच्याहून निराळे ठरले ते एका प्रश्नामुळे.

प्रसंग बर्नली संघातला आहे. एका सामन्यात तरुण हॉगन यांनी चेंडू मोठ्या कौशल्याने पुढे नेला, गोलच्या दिशेने फटका मारला आणि तो वरून निघून गेला. सामना संपल्यावर ते व्यवस्थापकांकडे गेले आणि विचारू लागले की, फटका का चुकला? माझे पाऊल चुकीच्या जागी पडले होते काय? माझा तोल गेला होता काय? व्यवस्थापकांनी उत्तर दिले की, मारीत राहा, दहांपैकी एक आत गेला तरी पुष्कळ झाले. त्या काळच्या इंग्रजी फुटबॉलचे सारे शहाणपण या उत्तरात होते. खेळ हा अंगचा गुण, तो असला तर असतो, नसला तर नसतो. तो शिकविण्याची वस्तू नव्हे, अशी तेथील ठाम समजूत होती. आठवडाभर खेळाडूंना मैदानाभोवती नुसते पळवीत आणि चेंडू त्यांच्या हाती फारसा लागू देत नसत. आठवडाभर उपास घडला म्हणजे शनिवारी सामन्यात चेंडूची भूक चांगली लागते, असे त्यामागील तर्कशास्त्र होते! उपाशी माणूस अन्नावर तुटून पडतो हे खरे. पण त्याला स्वयंपाक येतो असे मात्र नव्हे.

हॉगन यांचे समाधान झाले नाही. ‘का’ या प्रश्नाचे उत्तर असलेच पाहिजे, असे ते धरून बसले. फुलहॅममध्ये त्यांना हॅरी ब्रॅडशॉ हे व्यवस्थापक लाभले. तेथे स्कॉटिश पद्धतीचा, चेंडू जमिनीलगत ठेवून एकमेकांकडे देत पुढे सरकण्याचा खेळ होता. चेंडू आला की तो प्रथम काबूत आणावा, मान वर करून पाहावे, आपल्या माणसाकडे द्यावा आणि दिल्यावर स्वस्थ न राहता मोकळ्या जागी जावे, हा तो धडा. पुढे अनेक वर्षे हॉगन यांनी हाच धडा शिकविला.

शिकविण्याची संधी मात्र घरी मिळाली नाही. बोल्टनचा संघ हॉलंडच्या दौऱ्यावर गेला असता डॉर्ड्रेख्ट येथील संघाला त्यांनी दहा गोलांनी हरविले. दहा गोलांनी जिंकल्यावर माणूस हसतो आणि बोटीवर चढतो. हॉगन यांच्या मनात आले की, या मंडळींना नीट खेळावयास शिकविण्यासाठी आपण परत आले पाहिजे. १९१० साली जेम्स हाउक्रॉफ्ट या इंग्रज पंचांकडून त्यांना कळले की, त्याच डॉर्ड्रेख्टला शिक्षक हवा आहे. वयाच्या २८व्या वर्षी, खेळण्याचे दिवस संपले नसताना, ते तेथे गेले. त्यांचे विद्यार्थी बहुतेक महाविद्यालयीन तरुण होते. हॉगन जे जे सांगत, त्यावर हे तरुण ‘असे का?’ म्हणून विचारीत. जो प्रश्न विचारल्याबद्दल बर्नलीत त्यांची बोळवण झाली होती, तोच प्रश्न विचारणारे विद्यार्थी त्यांना परदेशात भेटले. त्याच वर्षी एका सामन्यापुरती हॉलंडच्या राष्ट्रीय संघाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि त्या संघाने जर्मनीला २-१ असे हरविले.

याच हाउक्रॉफ्ट यांनी हॉगन यांची गाठ ह्यूगो माइस्ल यांच्याशी घालून दिली. माइस्ल हे व्हिएन्नाचे. पेशाने बँकेतले, अनेक भाषांचे जाणकार आणि ऑस्ट्रियाच्या फुटबॉलचे सूत्रधार. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकसाठी संघाची तयारी करून घेण्याकरिता त्यांनी हॉगन यांना सहा आठवडे बोलाविले. पहिला वर्ग फसला. गुरूची भाषा शिष्यांना कळेना आणि हा मनुष्य आपल्याला मुळाक्षरे गिरवावयास लावतो, असे त्यांना वाटले. परंतु माइस्ल यांनी माणूस ओळखला होता. दोघे रात्री उशिरापर्यंत फुटबॉलवर बोलत बसले. त्या बोलण्यातून पुढे मध्य युरोपातील एक संपूर्ण क्रीडापरंपरा उभी राहिली. स्टॉकहोमला ऑस्ट्रियाने जर्मनीवर ५-१ असा विजय मिळविला.

१९१४ साली हॉगन सहकुटुंब व्हिएन्नात राहावयास आले. १९१६चे ऑलिंपिक बर्लिनला व्हावयाचे होते. त्याची तयारी करावयाची होती. ते ऑलिंपिक झालेच नाही. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले आणि फुटबॉलचा हा शिक्षक एका रात्रीत शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. त्यांना अटक झाली. १९१५ साली पत्नी आणि मुले इंग्लंडला परत गेली; हॉगन यांना जाता येईना. बंदिवासासाठी जर्मनीत रवानगी होणार, इतक्यात व्हिएन्नात मोठे दुकान चालविणाऱ्या ब्लाइद नावाच्या इंग्रज बंधूंनी हमी देऊन त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. तेथे सुमारे दीड वर्ष हॉगन त्यांच्या मुलांना टेनिस शिकवीत आणि घरातली बारीकसारीक कामे करीत राहिले.

१९१६ साली बुडापेस्टच्या एम.टी.के. या क्लबाच्या उपाध्यक्षांनी, बॅरन डिर्स्टाय यांनी, खटपट करून त्यांना हंगेरीत आणविले. पोलिसांकडे नियमाने हजेरी द्यावयाची आणि उरलेल्या वेळात शत्रूच्या मुलांना फुटबॉल शिकवावयाचा, असे ते जीवन होते. क्लबाचे मोठे खेळाडू रणांगणावर गेलेले. तेव्हा हॉगन यांनी मुले गोळा केली. बुडापेस्टच्या एका उद्यानात खेळणारी दोन शाळकरी पोरे त्यांनी हेरली, ऑर्थ आणि ब्राउन. शाळा सुटली की रोज ती दोघे मैदानावर आणि हॉगन त्यांच्यासमोर उभे. पुढे दोघेही हंगेरीच्या राष्ट्रीय संघातून खेळले. एम.टी.के.ने १९१६-१७ पासून १९२४-२५ पर्यंत ओळीने नऊ वेळा हंगेरीचे अजिंक्यपद मिळविले. त्यांतील पहिली दोन हॉगन यांच्या काळातली आणि उरलेली त्यांनी घातलेल्या पायावरची.

१९१८ साली युद्ध संपले आणि हॉगन घरी आले. हातात पैसा नव्हता. लिव्हरपूलला तंबाखूच्या एका कारखान्यात त्यांनी नोकरी धरली. युद्धामुळे ज्या व्यावसायिक खेळाडूंचे आर्थिक नुकसान झाले, त्यांच्यासाठी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने एक निधी ठेवला आहे आणि त्यातून २०० पौंड मिळू शकतात, असे कोणी तरी त्यांना सांगितले. ते लंडनला असोसिएशनचे चिटणीस फ्रेडरिक वॉल यांच्याकडे गेले. वॉल यांनी त्यांच्यापुढे खाकी मोज्यांचे तीन जोड ठेवले आणि सुचविले की, आघाडीवरच्या मुलांना एवढेही मिळाले तरी आनंद होत असे. अर्थ उघड होता. तुम्ही लढला नाहीत. तुम्ही शत्रूच्या घरी राहून त्याच्या मुलांना शिकविलेत.

बंधुभगिनींनो, वॉल यांना एकदम दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देणार नाही. ज्या देशात गल्लोगल्ली घरटी एखादा मुलगा गेलेला, तेथे शत्रूच्या राजधानीतून सुखरूप परतलेल्या माणसाकडे कोणी प्रेमाने पाहील, ही अपेक्षा अवघड होती. परंतु हॉगन स्वखुशीने तेथे राहिले नव्हते. ते बंदी होते. आणि बंदिवासातही त्यांनी जे शिकविले, त्याने कोणाचा प्राण गेला नव्हता, कोणाची सीमा हलली नव्हती. पोरांना चेंडू अडविता येऊ लागला, एवढेच. ते तीन जोड हॉगन यांच्या काळजात आयुष्यभर सलत राहिले. ते पुन्हा देशाबाहेर पडले: प्रथम स्वित्झर्लंड, मग पुन्हा बुडापेस्ट, मग जर्मनी.

जर्मनीतील ड्रेस्डेन येथली हकीकत भाषेच्या अडचणीतून गेलेल्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. हॉगन यांना जर्मन जेमतेम येई. जाणकारांच्या सभेपुढे व्याख्यान देताना त्यांची भाषा इतकी अडखळली की सभागृहात हशा पिकला. हॉगन यांनी दहा मिनिटांची विश्रांती जाहीर केली आणि आत गेले. परत आले ते बोल्टन वाँडरर्सचा आपला पोशाख चढवून. व्यासपीठावर त्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि जर्मनीतल्या बहुतेक खेळाडूंना चेंडू नीट मारताच येत नाही, असे सांगून अनवाणी उजव्या पायाने पंधरा यार्डांवरील लाकडी फळीवर चेंडू मारला. चेंडू परत आला. दोन्ही पाय सारखे चालले पाहिजेत, असे म्हणत तो त्यांनी डाव्या पायाने मारला आणि फळी दुभंगली. पुन्हा कोणी हसले नाही. एका महिन्यात ड्रेस्डेनच्या परिसरात त्यांनी पाच हजार खेळाडूंना शिकविले. त्या शहरातल्या शिष्यांत हेल्मुट शोन नावाचा एक मुलगा होता. त्याचे नाव लक्षात असू द्यावे. आणि हेही लक्षात असू द्यावे की, परक्या देशात मानहानीचा प्रसंग आला, तेव्हा हॉगन यांनी अंगावर घातला तो लँकेशायरचाच पोशाख.

इकडे व्हिएन्नात माइस्ल यांचा संघ ‘वुंडरटीम’, म्हणजे अद्भुत संघ, या नावाने युरोपभर गाजू लागला होता. १९३१ साली त्याने स्कॉटलंडला ५-० असे हरविले. ७ डिसेंबर १९३२ रोजी लंडनला इंग्लंडशी सामना ठरला, तेव्हा माइस्ल यांनी तयारीसाठी हॉगन यांना बोलावून घेतले. इंग्लंड जिंकले, पण ४-३ असे, निसटते.

या कीर्तीमुळे १९३४ साली हॉगन यांना फुलहॅम या त्यांच्या जुन्याच क्लबाने व्यवस्थापक नेमले. अनुभवी खेळाडूंना शिकविण्याची गरज नाही, असा तेथे सूर निघाला आणि हॉगन शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात असतानाच त्यांना काढून टाकण्यात आले. पिकते तेथे विकत नाही, असे आपण म्हणतो. येथे तर पिकले तेथे ते कोणी चाखूनही पाहिले नाही. दोन वर्षांनी, १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये, हॉगन यांनी शिकविलेल्या ऑस्ट्रियाच्या हौशी संघाने रौप्यपदक मिळविले. पुढे ॲस्टन व्हिला या खालच्या विभागात घसरलेल्या इंग्लिश क्लबाने त्यांच्यावर विश्वास टाकला आणि १९३८ साली तो संघ द्वितीय विभाग जिंकून वर आला. म्हणजे दार उघडले की घरीही त्यांचे शिकविणे लागू पडे.

आता २५ नोव्हेंबर १९५३ या दिवसाकडे वळू. लंडनच्या वेंब्ली मैदानावर लाखावर प्रेक्षक जमलेले. समोर हंगेरी, आदल्या वर्षीचा ऑलिंपिक विजेता. युरोप खंडातल्या कोणत्याही संघाने इंग्लंडला इंग्लंडात तोवर हरविले नव्हते. पहिल्याच मिनिटाला हिदेगकुटीने गोल केला. मधल्या आघाडीपटूची जागा त्याची. पण तो पुढे न राहता मागे सरकून खेळे आणि त्याला कोणी अडवावे हेच इंग्लंडच्या बचावपटूंना समजेना. सामना ६-३ असा हंगेरीने जिंकला. हिदेगकुटीचे तीन गोल. हा हिदेगकुटी ज्या क्लबाचा, तो एम.टी.के.च होता, त्या काळी नाव तेवढे बदलले होते.

सामन्यानंतर हंगेरीचे सूत्रधार गुस्ताव शेबेश यांनी सांगितले की, जिमी हॉगन यांनी शिकविले तसेच आम्ही खेळलो आणि आमच्या फुटबॉलचा इतिहास सांगितला जाईल, तेव्हा त्यांचे नाव सुवर्णाक्षरांत लिहिले पाहिजे. त्या क्षणी हॉगन कोठे होते? वेंब्लीवरच होते. ७१ वर्षांचे हे गृहस्थ ॲस्टन व्हिलाची कुमार मुले बरोबर घेऊन, खेळ कसा खेळावा हे त्यांना दाखविण्यासाठी प्रेक्षकांत येऊन बसले होते. शत्रूच्या मुलांना शिकविले म्हणून ज्यांच्या हाती मोजे ठेवले गेले, ते स्वदेशाचा दारुण पराभव पाहताना स्वदेशाच्याच मुलांचा वर्ग घेत होते. त्या माणसाच्या निष्ठेबद्दल याहून अधिक पुरावा आम्हांला नको.

विद्या एकदा दिली की ती कोठवर जाईल, हे देणाऱ्याच्या हाती राहत नाही. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांनी मागे सरकून खेळणाऱ्या आघाडीपटूची ती हंगेरियन रचना भारतीय संघात रुजविली. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले आणि अखेर चौथे आलो. त्या सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा गोव्याचा सुपुत्र, मुंबईच्या मैदानांवर वाढलेला. यात हॉगन यांचा हात होता असे आम्ही म्हणत नाही. पण बुडापेस्टच्या पाण्याचा एखादा पाट आपल्याही शेतापर्यंत आला, एवढे म्हणावयास हरकत नसावी.

३० जानेवारी १९७४ रोजी बर्नली येथे, वयाच्या ९१व्या वर्षी, हॉगन निवर्तले. जर्मन फुटबॉल महासंघाने त्यांच्या मुलाला पत्र लिहून, तुमचे वडील जर्मनीतील आधुनिक फुटबॉलचे जनक होते, अशा शब्दांत आदर व्यक्त केला. त्याच वर्षी जुलैत पश्चिम जर्मनीने विश्वचषक जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक होते हेल्मुट शोन, ड्रेस्डेनचा तो मुलगा.

आता शेवटचे. आपल्या मंडळाच्या पहिल्या पिढीतले एक गृहस्थ आम्हांला आठवतात. ते येथल्या एका शाळेत गणित शिकवीत. वर्गातली मुले जवळजवळ सगळी बंगाली. संध्याकाळी घरीही शिकवणी, बहुधा विनामूल्य. एकदा मंडळाच्या सभेत कोणी तरी त्यांना थोडे टोचून विचारले, “मास्तर, आपल्या मुलांसाठी काय केलेत?” मास्तर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मी वेगळी मुले कधी मोजलीच नाहीत.” आम्ही तेव्हा तरुण होतो आणि खरे सांगावयाचे तर प्रश्न विचारणाऱ्याच्या बाजूचे होतो. मास्तरांना आपण मोज्यांचे तीन जोडच दिले होते, हे आम्हांला फार उशिरा उमगले.

पन्नास वर्षे या मंडळाने भाषा जपली, गणेशोत्सव जपला, नाटके बसविली. हे सारे हवेच. ते नसते तर वेळ पडली असता अंगावर चढवावयास आपला असा पोशाखच उरला नसता. पण सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी मंडळाने आणखी एक यादी करावी, अशी आमची विनंती आहे. आपल्यापैकी कोणी, कोणत्या शाळेत, कोणत्या इस्पितळात, कोणत्या कारखान्यात येथल्या माणसांना काय शिकविले, त्याची यादी. ती या स्मरणिकेत छापावी. आणि तिच्यात पहिले नाव मास्तरांचे असावे.